कागदाचा साकव

माझ्या सासऱ्यांशी मी पहिलं वाक्य बोलले ते लग्नाला दोन वर्षं होऊन गेल्यावर, आणि तेही कागदाबद्दल. तोवर मी पदर ओढून त्यांच्यापुढे ताट ठेवायची आणि मागच्या दारानं निघून जायची. ते घरातले कर्ते पुरुष आणि गावातले एकमेव सुतार. गावकरी त्यांना 'मेस्त' म्हणत. आमच्याकडच्या कोकणीत सुताराला तोच शब्द. नंदिगड्ड्याच्या पलीकडे रानात बारा-पंधरा घरांचं आमचं गाव. त्यातलं एकेक दार, एकेक नांगर, एकेक पाळणा त्यांच्या हातचा. गावातल्या बायका त्यांच्याबद्दल बोलतानाही आवाज खाली आणायच्या. मग मी कुठली बोलायला?

मी खानापूरची. माझे वडीलही सुतारच, पण लाकडाच्या भुशानं त्यांना दमा धरला, तेव्हा करवत सोडून ते एका कापडाच्या दुकानात कामाला लागले. गणपतीच्या आधी महिनाभर ते आळीतल्या घरांसाठी कागदाची मखरं करायचे. कापडाच्या ताग्यांतून निघालेले पुठ्ठे, रंगीत कागद आणि चिंचोक्यांची खळ, एवढंच सामान. मी शेजारी बसून शिकले. तिसरी झाल्यावर माझी शाळा सुटली, कातर मात्र सुटली नाही. सासरी आले तेव्हा ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ती कातर होती आणि पुठ्ठ्यांचा एक चांगला जाड गठ्ठा होता. सासूबाईंनी तो पाहिला आणि ट्रंकेचं झाकण लावलं.

आमच्या गावाला यायला-जायला एक व्हाळ ओलांडावा लागे. उन्हाळ्यात घोटा बुडेल एवढं पाणी, आषाढात दोन पुरुष. त्यावर लाकडी साकव होता. दोन्ही काठांच्या मधे पाण्यात दोन घोड्या उभ्या, म्हणजे पाय फाकवून रोवलेल्या लाकडांच्या जोड्या. त्यांच्या डोक्यावर आडवी तुळई, तुळयांवर लांब वासे, वाशांवर बांबू. दर तीन-चार वर्षांनी हा साकव कुठेतरी मोडायचा आणि सासरे तो पुन्हा उभा करायचे. व्हाळच वाईट, असं सगळे म्हणायचे. तेही म्हणायचे.

त्या वर्षी भाद्रपदात ते नंदिगड्ड्याहून हत्यारांची पिशवी खांद्याला लावून परत येत होते. साकवाच्या मध्यावर आले आणि पायाखालची घोडी बसली. ते खाली खडकावर पडले, दोन्ही हातांवर. माझ्या नवऱ्यानं आणि धाकट्या दिरानं त्यांना घोंगडीत घालून आणलं. दिग्गीकडचा हाडवैद्य तिसऱ्या दिवशी रानवाटेनं आला. त्यानं पाला वाटून लावला आणि बांबूच्या कामट्यांनी दोन्ही मनगटं बांधली. दिवाळीपर्यंत डावा हात बरा झाला. उजवा मनगटात वाकडाच राहिला आणि त्याची बोटं मिटेनात. लाकूड तासायची वाकस धरायची तर मूठ लागते. त्यांना मूठच राहिली नव्हती.

साकव तर पुन्हा हवाच होता. जंगलखात्याकडे खटपट करून गावाला किंदळाची चार झाडं तोडायची परवानगी मिळाली होती. चारच, पाचवं मिळणार नव्हतं. माझा नवरा आणि दीर दोघे लाकूड सरळ तासायचे, पण सांधे आजवर सासऱ्यांनीच केले होते. पोरांना त्यांनी कधी हात लावू दिला नव्हता. आता ते अंगणात काटक्या मांडून सांगायला लागले. "हितं कूस, हितं साल. कळलं?" पोरं मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी फांदीवर करून बघताना नेमकं उलटं करायची. दोन-तीन वेळा सासरे ओरडले. मग ओरडायचेही बंद झाले. ओसरीवर भिंतीला टेकून बसायचे आणि वाकड्या हाताकडे बघत राहायचे. ते बघणं मला त्यांच्या ओरडण्याहून अवघड वाटायचं.

तुळशीच्या लग्नाला मी वृंदावनावर कागदाचा छोटा मांडव केला. चार खांब, वर पुठ्ठ्याचं छत, कडेला कातरलेली झालर. लग्न लागलं आणि सासूबाईंनी गडबडीत पाण्यानं भरलेला तांब्या त्या छतावरच ठेवला आणि विसरल्या. सकाळी सासरे तोंड धुवायला अंगणात आले तेव्हा तांब्या तिथंच होता, आणि मांडवही.

आतून मला त्यांचा आवाज ऐकू आला. "ह्यो मांडव कुनी केला?"

"सुनेनं," सासूबाई म्हणाल्या.

"भायेर बोलाव तिला."

मी दाराच्या चौकटीआड येऊन उभी राहिले. ते माझ्याकडे बघत नव्हते, तांब्याकडे बघत होते.

"खांबाच्या डोस्क्यात काय घातलंय?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "सांग की. मला काय म्हाईत?"

"कागदच," मी म्हणाले. "सुरळी करून आत कोंबलाय. पोकळ नळी वरनं दबती."

हे माझं पहिलं वाक्य. त्यांनी एका खांबाच्या डोक्यावर बोट दाबून पाहिलं. मग आपला उजवा हात पुढे करून म्हणाले, "ह्येचं काय झालंय ते बगितलंसच. आता तुजे हात लागतील मला. काटकीत सांधा दिसत न्हाई पोरांना. कागदात दिसंल."

सासूबाईंनी माझ्या हातातली केरसुणी काढून घेतली. "जा, बस," त्या म्हणाल्या. "पेज मी रांधते." पुढचे दोन महिने घरातलं माझं निम्मं काम त्यांनी ओढलं आणि त्याचा एकदाही उच्चार केला नाही.

ओसरीच्या एका टोकाला सासरे, दुसऱ्या टोकाला मी, अर्धी पाठ करून. मधे पाट. त्यांच्या डाव्या हातात एक छडी असायची, ती पाटावर टेकवून ते जागा दाखवायचे. खऱ्या साकवाच्या एका हाताला कागदावर दोन बोटं, असं माप धरलं. व्हाळ वीस हात, म्हणजे माझा साकव चाळीस बोटं. जुन्या पंचांगाची पानं घट्ट गुंडाळून मी घोड्यांचे पाय केले. तुळयांसाठी पुठ्ठ्याचे तीन थर एकावर एक चिकटवले. पुठ्ठ्यालाही लाकडासारखी उभी-आडवी वीण असते. एका बाजूनं तो सहज मुडपतो, दुसऱ्या बाजूनं अडतो. म्हणून मधला थर आडवा घालायचा, हे वडिलांनी शिकवलेलं. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि नुसतं "हं" म्हणाले. त्यांचा तो "हं" मी दिवसभर मनात घोळवला.

सांधे मात्र त्यांनी सांगितले तसेच केले. पायाच्या डोक्याला कूस, म्हणजे बारीक चौकोनी दांडा. तुळईला तेवढंच चौकोनी भोक, म्हणजे साल. कूस भोकात बसवायची आणि खळ भरायची. आठ दिवस लागले. साकव वाळला तेव्हा पाटावर असा ऐटीत उभा राहिला की शेजारपाजारचे बघून गेले.

सासरे दिराला म्हणाले, "आतनं वरवंटा आन."

वरवंटा मध्यावर ठेवला. क्षणभर काही झालं नाही. मग डाव्या घोडीशी टर्र आवाज झाला आणि आख्खा साकव कुशीवर पडला.

"खळ पातळ झाली," सासरे म्हणाले.

मी चिंचोके पुन्हा भाजले, भिजवले, वाटले, खळ दाट शिजवली. पुन्हा आठ दिवस. वरवंटा ठेवला आणि साकव पुन्हा तिथंच फाटला. या वेळी त्यांनी खळीला दोष दिला नाही, माझ्या कातरीला दिला. भोक वाकडं पडलंय म्हणाले. मी फाटका तुकडा हातात घेऊन बघत राहिले. भोक वाकडं नव्हतं. चारी कोपरे नीट होते, आणि फाटलं होतं एका कोपऱ्यापासून.

सांगू की नको, असं मला खूप वेळ वाटत होतं. शेवटी मी पाटाकडे बघत म्हणाले, "मामंजी, फाटतंय ते भोकाशीच. खळ कितीबी लावली तरी भोक ते भोकच ऱ्हातंय. भार सगळा तितंच येतो आनी तितं कागूदच न्हाई."

आतल्या खोलीत सासूबाईंच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

सासऱ्यांनी डावा हात पुढे केला. मी तुकडा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, फिरवला, पुन्हा धरला. मग उठले, पायात वहाणा घातल्या आणि व्हाळाच्या दिशेनं निघून गेले. मला वाटलं, संपलं. आता हे पुन्हा माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत.

दुपार कलल्यावर ते आले ते मागे दोन्ही पोरांना घेऊन. पोरांच्या खांद्यावर मोडक्या साकवाची तुळई होती, काठावर अडकून पडलेली. ती अंगणात टाकली. मग सासऱ्यांनी गोठ्याच्या उंबऱ्याची तुळई उपटायला लावली. तीही कुठल्यातरी जुन्या साकवाची होती. दोन्ही शेजारी ठेवल्या. दोन्ही भोकाशी मोडल्या होत्या. भोकात पाणी साचून आतलं लाकूड काळं, भुसभुशीत झालं होतं. सासऱ्यांनी बोट लावलं तर चुरा निघाला.

ते तिथंच मातीत बसले. "एवडी वर्सं मी व्हाळाला शिव्या घातल्या," ते म्हणाले. "भोक तर मीच पाडत हुतो."

माझा नवरा काहीतरी समजुतीचं बोलायला गेला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. मग मान वळवून प्रथमच सरळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या मखरात कसं करता?"

आज माझं वय त्यांच्या त्या वेळच्या वयाहून जास्त आहे. आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली. पण आपल्या हयातभरच्या कामातली चूक स्वतःच्या अंगणात, बायको-पोरांसमोर मांडून ठेवणारा आणि लगेच सुनेला "कसं करता?" विचारणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

मी सांगितलं. माझे वडील म्हणायचे, खळीवर भार द्यायचा नाही, भार कागदानं कागदावर द्यायचा. खळीनं फक्त जागा सोडू द्यायची नाही. म्हणून तुळईला भोक न पाडता ती पायाच्या डोक्यावर बसवायची. डोक्याला अगदी उथळ खाच, तुळई घसरू नये एवढीच. मग दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याच्या गालपट्ट्या लावायच्या, अर्ध्या पायावर, अर्ध्या तुळईवर. त्यावरून कागदाची पट्टी ओलसर करून ताणून गुंडाळायची. वाळली की ती आवळते. आणि पाय व तुळई यांच्या कोनात पुठ्ठ्याचा एक तिरका टेका, दुमडून केलेला. सपाट पुठ्ठा वाकतो, दुमडलेला उभा राहतो.

"आनी घाई करायची न्हाई," मी म्हणाले. "एकेक सांधा वजनाखाली ठिवून सावलीत वाळवायचा. उनात वाळवला तर खळ तडकती."

"लाकडाचंबी तसंच हाय," ते म्हणाले. आता आमच्यामधलं अंतर पाटाएवढंच उरलं होतं. मी अर्धी पाठ करून बसायचं कधी सोडलं, ते मला आठवत नाही.

तिसरा साकव बारा दिवसांनी झाला. दिसायला आधीच्या दोघांइतका देखणा नव्हता. सांध्यासांध्यावर पट्ट्यांच्या गाठी दिसत होत्या, हातापायाला चिंध्या बांधलेल्या माणसासारखा. वरवंटा ठेवला. साकव उभा होता. सासऱ्यांनी वरवंट्यावर भातानं भरलेलं शेराचं माप ठेवायला लावलं. तरी उभा. दिरानं टाळी वाजवली, पण सासरे मान हलवत होते.

"पडून ऱ्हायलेला भार येगळा, चालता भार येगळा," ते म्हणाले. "कोंबडी आन."

आमची तांबडी कोंबडी चांगली गलेलठ्ठ होती. एका टोकाला तिला ठेवलं, दुसऱ्या टोकाला तांदळाचे दाणे. ती साकवाकडे बघेना, दाण्यांकडे बघेना. उडी मारून सरळ ओसरीखाली गेली. चार वेळा तेच. पाचव्या वेळी सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, रोज बोलवायच्या तशा जिभेनं टक-टक केलं, आणि कोंबडी मुकाट्यानं साकवावर चढली. मध्यावर थांबली. एका पायावर उभी राहून दुसऱ्यानं मान खाजवली. सांधे करकरले, पण धरून राहिले. मग ती तुरुतुरु पलीकडे जाऊन दाणे टिपायला लागली. सासरे हसले. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. मोठं होतं, सगळं अंग हलवणारं.

माघात लाकूडकाम सुरू झालं. कागदाचा साकव सुपात ठेवून दीर रोज व्हाळावर न्यायचा आणि दगडावर मांडायचा. गावातली माणसं एकेक सांधा बोटानं चाचपून बघायची. पुठ्ठ्याच्या गालपट्टीची किंदळाची फळी झाली, कागदाच्या पट्टीच्या जागी वेताचा वेढ आला, तिरक्या टेक्याला जाड फांदी. कामाच्या भरात एकदा माझ्या नवऱ्यानं सवयीनं तुळईवर पटाशी लावली, तेव्हा काठावरून सासरे एवढ्यानं ओरडले की झाडावरची माकडं पळाली. "भोक न्हाई! भोक पाडायचं न्हाई!"

वैशाखात साकव तयार झाला. सगळा गाव काठावर जमला होता. गावच्या गावड्यानं, म्हणजे प्रमुखानं, विचारलं, "मेस्ता, औंदा काय येगळं केलंस? तुजे न्हेमीचे सांधे दिसत न्हाईत."

"मी न्हाई केलं," सासरे म्हणाले. "माजं चुकत हुतं. सुनेनं दावलं."

सगळ्यांच्या नजरा बायकांच्या घोळक्याकडे वळल्या आणि मी सासूबाईंच्या मागे सरकले. त्यांनी मला दंडाला धरून पुन्हा पुढे ओढलं.

"पैली तू चाल," सासरे मला म्हणाले.

मी साकवाकडे पाहिलं. खाली तोच खडक होता. कागदाच्या साकवावर माझा विश्वास होता, पण त्यावर कोंबडी चालली होती. मी म्हणाले, "मला भ्या वाटतंय, मामंजी."

"मलाबी वाटतंय," ते म्हणाले, अगदी हळू, मलाच ऐकू जाईल असं. पडल्यापासून त्यांनी कुठल्याही साकवावर पाय ठेवला नव्हता. ओंडकासुद्धा ते ओलांडत नसत. आता त्यांनी वहाणा काढल्या आणि निघाले. उजव्या हातानं कठडा धरता येत नव्हता, म्हणून तो छातीशी धरला होता. पहिल्या घोडीवर थांबले. दुसऱ्या घोडीवर थांबले, टाचेनं तीनदा आपटून पाहिलं. पलीकडे पोचून वळले आणि मला हात केला. मग मी गेले. माझ्यामागून पोरंटोरं, कुत्री, सगळा गाव.

आषाढात व्हाळ चढला. एके सकाळी वरून वाहून आलेला एक आख्खा ओंडका दुसऱ्या घोडीवर आदळला. धडक घरापर्यंत ऐकू आली. आम्ही धावलो. सासरे इरलं पांघरून आधीच तिथं उभे होते. घोडी थरथरत होती, ओंडका तिच्यावर रेटा देत होता, पाणी उसळत होतं. मग ओंडका हळूहळू फिरला आणि बाजूनं निघून गेला. एका वेताच्या वेढाचे दोन पेड तुटले होते. सांधा हलला नव्हता. सासरे दिवसभर तिथंच बसून राहिले, जेवायलाही आले नाहीत. मी पानात बांधून भात नेऊन दिला. त्यांनी शेजारच्या दगडाकडे बोट केलं आणि मी त्यांच्याशेजारी बसले. दोघांनी मिळून तो साकव पाहिला.

पुढच्या उन्हाळ्यात दिग्गीकडून तीन माणसं आली. त्यांच्याकडच्या ओढ्यावर साकव टिकत नव्हता आणि आमच्या साकवाची गोष्ट हाडवैद्यानं तिकडे नेली होती. ती सासऱ्यांपुढे बसली, पानसुपारी झाली. त्यांचं सगळं ऐकून घेतल्यावर सासरे म्हणाले, "माजा हात असा. आनी डोस्कं तिचं," आणि आत हाक मारली.

मी पदर खोचून बाहेर आले. त्या तिघांनी ओढ्याची रुंदी वेलीच्या दोरीनं मोजून आणली होती, पण ती दोरी किती हात भरते ते कुणी मोजलं नव्हतं. मी तिचं एक टोक सासऱ्यांच्या डाव्या हातात दिलं आणि हातानं मोजत मोजत ओसरीवरून अंगणात, अंगणातून गोठ्यापर्यंत गेले. एकतीस हात भरली.

"मामंजी," मी गोठ्यापासूनच ओरडून म्हणाले, "हितं दोन घोड्यांनी भागायचं न्हाई. तिसरी लागंल."

"कुटं?" त्यांनी विचारलं.

ती तिघं माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "तळ कसा हाय ते आदी ह्येंना इचारू."

सासऱ्यांनी मान हलवली, छडी उचलली आणि पाट पुढे ओढला.